साडी घातली की नेसली?

चि. बाळीस,

परवा व्हिडिओ कॉलवर तू आजीला म्हणालीस, "आजी बघ, मी साडी घातली!" आणि साडीचं कौतुक राहिलं बाजूला, आजी म्हणाली, "घातली काय गं? साडी नेसतात." तुझा चेहरा पडला. रात्री भांडी पुसताना तू मला विचारलंस, "आजी स्वतः फ्रीज म्हणते, गॅस म्हणते, टेबल म्हणते. मग मी एक शब्द बदलला तर काय बिघडलं?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. तू आता सहलीला गेलीस, घर शांत आहे, म्हणून लिहून ठेवते.

आजीच्या फ्रीजबद्दल माझी काही तक्रार नाही. वस्तू आली, ती आपलं नाव घेऊन आली. बटाटा, पाव, चावी, पगार हे सगळे पोर्तुगिजांकडून आले. कागद, दुकान, जमीन फारसीतून. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. पेशव्याचा 'मुख्य प्रधान' झाला, डबिराचा 'सुमंत'. पण लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला, थेट १८१८ला पेशवाई बुडेपर्यंत. उलट सावरकरांनी सुचवलेला 'महापौर' असा रुळला की तो कोणी घडवला हेही कुणाच्या मनात येत नाही. लोक ठेवतात ते राहतं. त्यात चांगलं-वाईट काय ठरवायचं?

माझं दुखणं क्रियापदांचं आहे.

मागच्या रविवारी देशी दुकानातून गवार आणली, आठवतंय? मी तुला म्हणाले, "गवार कट कर." तू सुरी घेतलीस आणि पट्टीने आखल्यासारखे तुकडे केलेस. जेवताना बाबांच्या दातात शिरा अडकल्या. चूक माझी होती. मी "गवार मोड" म्हणायला हवं होतं. शेंग हाताने मोडली की कडेची शीर आपोआप सुटून बोटात येते. कृती त्या शब्दातच होती आणि मी तुला ती दिलीच नाही. आजी मेथी निवडते, वाटाणे सोलते, काकडी चोचवते, नारळ खवते, कांदा चिरते. आपल्या घरात सगळ्याचं 'कट करणे' झालंय, आणि ते तू नाही, मी आणलंय.

कपड्यांचंही तसंच. झगा घालतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, गजरा माळतात. शिवलेलं ते अंगात घालायचं. साडी, लुगडं, धोतर म्हणजे अखंड वस्त्र, ते गुंडाळून, निऱ्या काढून, खोचून नेसायचं. परवा तुला त्यासाठी पाऊण तास आणि अकरा पिना लागल्या. एवढी खटपट केलीस आणि नुसतं 'घातली' म्हणून मोकळी झालीस! जर्मनमध्ये तू कोटाला 'आनत्सीहन' म्हणतेस, टोपीला 'आउफझेत्सन', मफलरला 'उमबिंडन'. तिथे तुला कधी जाच वाटत नाही. इथल्या शाळेने शिकवलं ते तू मुकाट्याने घेतलंस, आजीने सांगितलं तर राग आला. (राग येणं साहजिक आहे. तिने आधी "छान दिसतेस" म्हणायला हवं होतं. मी तिला तसं सांगितलंय.)

आता एक गोष्ट, जी तू सांगितली नाहीस तर बरं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी नेसले होते ना, ती हिरवी नऊवारी? सगळ्या बायका विचारत होत्या, एवढं चापूनचोपून कसं नेसलीस. ती पुण्याहून शिवून आणलेली आहे. पाय घालायचे, नाडी बांधायची, पदर खांद्यावर टाकायचा, पाच मिनिटांत तयार. म्हणजे ती मी घातलीच होती. त्या साडीपुरतं तुझंच मराठी बरोबर आहे.

आजीला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझी,
आई