यूएटीची सही आणि लाभपाचम

प्रश्न : मकरपुरा जीआयडीसीत आमचा व्हॉल्व्हचा कारखाना आहे. टॅली आणि एक्सेल सोडून सॅपवर, म्हणजे सगळ्या खात्यांचं काम एकत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जायचं ठरलंय आणि प्रोजेक्ट माझ्या गळ्यात आहे. प्रत्येक खात्यातून एकेक की-यूजर (नवी सिस्टिम आधी शिकून तपासणारा माणूस) नेमला. ट्रेनिंगला येतात, पण निम्मा वेळ फोनवर. यूएटी, म्हणजे वापरणाऱ्यांनी स्वतः करायची चाचणी, झाली म्हणून सही मागितली, तर कुणी करत नाही. स्टोअरचे भाई तर ऊठसूट ‘आपणे त्यां आ नहि चाले’ म्हणतात. पुण्याहून आलेले सल्लागार वैतागलेत. शेठना मात्र गो-लाइव्ह, म्हणजे नव्या सिस्टिमवर प्रत्यक्ष काम सुरू करणं, लाभपाचमीलाच (दिवाळीनंतरचा गुजराती व्यापाऱ्यांचा मुहूर्त) हवंय. या मंडळींना वठणीवर कसं आणू?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : वठणीवर आणायचं आधी डोक्यातून काढा. न बघता सही ठोकणारे की-यूजर मिळाले असते, तर तुमचं खरं कठीण होतं.

माणसं नेमली म्हणता, पण त्यांचं रोजचं काम कुणाकडे दिलंत ते पत्रात कुठेच नाही. दिलंच नसणार. मी पर्चेस आणि स्टोअरमध्ये नोकरीचा बहुतेक काळ काढला, की-यूजरही होते. फोन कुणाचे येतात ते मला ठाऊक आहे. गेटवर ट्रक उभा असतो. अकाउंट्सवाल्या बेनना तर ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं विवरणपत्र) आणि २० ला ३बी (जीएसटी भरण्याचं विवरणपत्र). ट्रेनिंगचं वेळापत्रक लावताना या तारखा कुणी पाहिल्या होत्या का? निम्मा दिवस त्यांच्या जागी कोण बसेल ते नावानिशी लिहून शेठची सही घ्या. पहिली सही ती. आणि नवरात्रात सकाळी ९ ची बॅच ठेवू नका. रात्रभर गरबा खेळून आलेल्या माणसाच्या डोक्यात मटेरियल मास्टर (सॅपमधली प्रत्येक मालाची मूळ नोंद) शिरत नाही, निदान बडोद्यात तरी नाही.

आता स्टोअरचे भाई. ‘चालत नाही’ म्हणाले की ‘नेमकं काय केल्यावर अडतं?’ असं विचारा, आणि ते कॉन्फरन्स रूममध्ये नाही, त्यांच्या टेबलाशी बसून. जॉबवर्कची, म्हणजे बाहेरून काम करून घ्यायला पाठवलेल्या मालाची, चलान फाइल उघडायला सांगा. सल्लागारांच्या टेस्ट स्क्रिप्टमध्ये बहुधा ५०० नग प्लेटिंगला जातात आणि ५०० परत येतात. भाईंच्या फाइलीत ५०० गेले, ४८० चांगले आले, १२ खराब झाले आणि ८ अजून तिकडेच आहेत. सॅपमध्ये मालाच्या प्रत्येक हालचालीला कोड असतो. ५४१ नं माल जॉबवर्करकडे पाठवला की तो त्याच्याकडे दिसतो, पण मालकी आपलीच राहते. तयार माल १०१ नं घेतला की बीओएमप्रमाणे (एका नगाला काय-किती लागतं त्या यादीप्रमाणे) ५४३ नं पाठवलेल्या मालाचा खप पडतो. म्हणजे ४८० घेतले की २० त्याच्या नावावर उरणार. त्यातले ८ खरे. उरलेल्या १२ चं काय? आपण सोसायचे, त्याच्या बिलातून कापायचे की पुन्हा प्लेटिंग करून घ्यायचे? हे सॉफ्टवेअरला कळत नाही, पुण्याच्या मुलांनाही कळायचं कारण नाही. भाईंना कळतं, आणि त्यांचं ‘नहि चाले’ बहुतेक वेळा या १२ नगांबद्दलच असतं. शिवाय जीएसटीत असा कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो, नाहीतर पाठवला त्या दिवशीच विकला असं धरून कर मागतात. ते ८ नग कोणत्या चलानावरचे, हे नव्या सिस्टिममध्ये दिसलंच पाहिजे.

तेव्हा यूएटी त्यांच्याच कागदांवर करा. मागच्या महिन्यातली सगळ्यात किचकट चलानं, बिलं, डेबिट नोटा ज्यानं-त्यानं स्वतः निवडाव्यात आणि स्वतःच्या हातानं टाकाव्यात. सल्लागारानं माउसला हात लावायचा नाही. सही मागाल तेव्हा तिच्याखाली ‘काय राहिलं’ याची यादी, नाव आणि तारखेसकट ठेवा. सही केली म्हणजे सगळं पोटात घातलं असं नाही, एवढी खात्री पटली की माणसं सही करतात.

खात्यातल्या बाकीच्यांना की-यूजरनंच शिकवावं. नोट्स गुजरातीत लिहिल्या तरी चालतील. सल्लागारांचं स्क्रीनशॉटांचं बाड कुणी उघडत नाही.

शेठचा मुहूर्त हा वेगळाच प्रश्न. लाभपाचम महिन्याच्या मधेच आली, तर निम्म्या महिन्याची बिलं टॅलीत आणि निम्मी सॅपमध्ये. जीएसटीआर-१ दोन्हीकडून गोळा करायचा, स्टॉकही अध्येमध्ये मोजायचा. हे सगळं त्या अकाउंट्सच्या बेनच्याच अंगावर येणार. शेठना सांगा : लाभपाचमीला पूजा करू, स्क्रीनला कुंकू लावू, पोस्टिंग पुढच्या १ तारखेपासून. मी पाहिलेले बहुतेक शेठ एवढ्यावर मानतात. बिलांना नवी सीरीज लावता येते; नंबर १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा हवा, इतकंच.

आणि सल्लागारांना पहिली महिनाअखेर आणि पहिलं ३बी होईपर्यंत सोडू नका. करारात तसं नसेल तर आत्ताच घाला. पहिले काही दिवस त्यांच्यातला एक जण स्टोअरच्या खिडकीशीच बसू दे. ५०,००० रुपयांच्या वरचा माल ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना) निघाल्याशिवाय गेटबाहेर जात नाही, आणि तेव्हा ‘तिकीट टाका’, म्हणजे ऑनलाइन तक्रार नोंदवा, असं म्हणणाऱ्याला ड्रायव्हर काय म्हणतो ते इथे छापता येणार नाही.

प्रश्न : आमची पर्चेसची की-यूजर फार हुशार निघाली. प्रोजेक्ट संपला की एखादी सल्लागार कंपनी तिला उचलेल अशी भीती वाटते. बॉण्ड लिहून घ्यावा का?
— एच. आर. विभागातून, अलकापुरी

उत्तर : नको. बॉण्डचा विषय काढलात त्याच दिवशी ती बायोडाटा काढेल. तिच्या हाताखाली आत्तापासून दुसरं माणूस तयार करा, आणि पगारवाढीचं पत्र गो-लाइव्हच्या आधी द्या. नंतर देऊ म्हणाल, तर तोवर तिची मुलाखत होऊन गेलेली असेल.