विज्ञानवादी, चिकित्सक मित्रमंडळींनी एकत्र जमून करण्यासारखं काही मजेशीर आहे का?

आहे, सुरुवात 'सगळ्यांना एकच भविष्य' या खेळाने करा. एकाने मोघम स्वभाववर्णन लिहायचं ('वरून खंबीर दिसता, पण मनातून हळवे आहात' या थाटाचं), प्रत्येकाचं नाव घालून बंद पाकिटात द्यायचं आणि ते किती जुळतं याला ५ पैकी गुण मागायचे. मग पाकिटं शेजाऱ्याशी बदलायला सांगा! मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांवर असाच प्रयोग केला, तेव्हा गुणांची सरासरी ४ च्या वर गेली होती. हातांना काम हवं असेल तर दोऱ्याला अंगठी बांधून लंबक करा. कागदावरच्या रेघेकडे बघत तो त्या दिशेने हलेल असं नुसतं मनात आणलं तरी बहुतेकांचा लंबक झुलू लागतो. डोळे मिटले की मंदावतो. हा बोटांच्या नकळत होणाऱ्या हालचालींचा परिणाम, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३३ मध्येच मांडलेला. मात्र भविष्याच्या खेळातलं गुपित त्याच बैठकीत फोडा, आणि कुणाच्या आजारपणाला किंवा दुःखाला हात घालणारं वाक्य त्यात अजिबात नको.