कर्करोगाच्या वॉर्डातली 'साधी' सर्दी

प्रश्न : माझ्या वडिलांना रक्ताचा कर्करोग असून केमोथेरपी चालू आहे. वॉर्डात दोन रुग्णांना सर्दी-खोकला झाल्यावर सर्वांच्या नाकातून नमुने घेतले गेले. वडिलांना ताप नव्हता, तरी आरएसव्ही हा सर्दी-खोकला करणारा विषाणू सापडल्याने त्यांना वेगळ्या खोलीत हलवले. आता दहा दिवस झाले, खोकलाही थांबला, पण बाहेर सोडत नाहीत. माझ्या भावाला तर केवळ नाक गळते म्हणून दारातूनच परत पाठवले. हा अतिरेक नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : भावाला वाईट वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्याला थांबवणाऱ्या परिचारिकेने आपले काम चोख केले, असे मी म्हणेन. घरी चार दिवसांत बरी होणारी सर्दी, केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकते, आणि अशा रुग्णाला सुरुवातीला ताप येईलच असे नाही. म्हणूनच लक्षणांची वाट न पाहता सर्वांचे नमुने घेतले गेले.

दहा दिवसांचे म्हणाल, तर निरोगी माणूस साधारण आठवडाभर आरएसव्ही पसरवतो, पण प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या नाकातून तो बरे वाटू लागल्यावरही कित्येक आठवडे बाहेर पडत राहू शकतो. शेजारच्या खाटांवरील रुग्णांचा विचार करता खोली कधी सोडायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्यावे.

मास्कइतकेच, किंबहुना या विषाणूच्या बाबतीत त्याहून अधिक, हातांकडे लक्ष हवे. खाटेचा कठडा, सलाइनचा स्टँड, व्हिडिओ कॉलसाठी हातोहात फिरणारा मोबाइल यांवर तो काही तास टिकतो. आई पेज भरवण्यापूर्वी हात धूत असतीलच. पण मध्येच फोन घेतला, तर पुन्हा धुवायला हवेत, आणि नेमके तेच राहून जाते. हा नियम नातेवाइकांइतकाच कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. सर्दी असताना कामावर येणारा वॉर्डबॉय तितकाच धोक्याचा, आणि त्याला रजा देणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे.

भावाने पूर्ण बरे होऊन, परिचारिकांना विचारूनच यावे. घरातील सर्वांनी फ्लूची इंजेक्शनची लस पावसाळ्यापूर्वी घ्यावी. ती आरएसव्हीपासून वाचवत नाही, पण वडिलांपर्यंत फ्लू पोहोचण्याची वाट अरुंद करते. वडिलांचा ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर स्वतःहून पॅरासिटामॉल देऊ नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी परिचारिकेला उठून सांगावे.