गप्प कोण झालंय ते बघ

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र काल मिळालं. चार पानं तुमच्या घरच्या प्रार्थनासभेत बोलणाऱ्या त्या ब्रदरबद्दल आहेत: तो किती वेळ बोलतो, डोळे मिटून कुणाकुणाची नावं घेतो, मध्येच उठून खिडक्या लावायला सांगतो. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी एक ओळ आहे की आक्कांनी ब्रदरच्या सांगण्यावरून इन्शुलिन बंद केलंय. एकच ओळ! मी नर्स म्हणून आयुष्य काढलंय. ती ओळ वाचल्यावर पुढचं पान मला दिसेना.

आधी तिच्याकडे जा. हे पत्र नंतर वाच. उलटी, पोटदुखी, जोरजोरात श्वास, गुंगी यांतलं काहीही असलं तर घरी प्रार्थना करत बसू नका, तिला रिक्षात घालून सिव्हिलला न्या आणि प्रार्थना रिक्षात करा. काहीच नसलं तरी तिला आजच डॉक्टरसमोर बसव. डोस किती घ्यायचा हे तू सांगू नकोस, मीही सांगणार नाही, डॉक्टर सांगतील. ब्रदरला तिथं बोलावू नकोस. त्याच्याशी वाद नंतर घाल.

गेलास? आता बोलू.

तू विचारलंस की विचित्र माणसांना घरच्या संगतीत कसं सांभाळायचं. प्रश्नाची सुरुवातच चुकतेय, बाळा. तू विचित्र माणसाकडे बघत बसलायस. सगळे तेच करतात, कारण तो मोठ्यानं बोलतो. मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे: गप्प कोण झालंय ते बघ. आधी गाणं सांगणारी पोरगी आता दाराजवळ बसते का? विडीचा माल कारखान्यात देऊन धावत येणाऱ्या बायका हल्ली प्रार्थना संपताना येतात का? तुझी आई चहा करायच्या निमित्तानं आतच थांबते का? आईबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. घर तिचं आहे.

चर्चमध्ये व्यासपीठ असतं, उपासनेचा क्रम छापलेला असतो तसा चालतो, पाळकाला विचारणारी कमिटी असते. तुमच्या नीलमनगरच्या एका खोलीत यातलं काही नसतं. सतरंजी, पंखा आणि कोण बोलायला सुरुवात करतो ते. ज्याला थांबता येत नाही त्याच्या हातात ती संध्याकाळ आपोआप जाते. म्हणून घरात भरणारी मंडळी, म्हणजे घरातलं चर्च, वाईट असं मी म्हणणार नाही. रोममध्ये प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांच्या घरी मंडळी जमायची, फिलेमोनाच्या घरी जमायची. आणि दियत्रफेसही त्याच काळातला. बायबलमधलं योहानाचं तिसरं पत्र काढ, एकाच अध्यायाचं आहे. त्या माणसाला पहिली जागा हवी होती. आलेल्या बंधूंना तो घरात घेत नव्हता, आणि जे घेऊ पाहत त्यांना मंडळीबाहेर काढत होता. योहान त्याच्या विक्षिप्तपणाबद्दल अक्षर लिहीत नाही. त्यानं कुणाला बाहेर ठेवलं ते लिहितो.

आता तुझ्या यादीतली ती तेलुगू गाणारी बहीण. दर आठवड्याला रडते, मध्येच उभी राहते, तिचं गाणं अर्ध्या लोकांना कळत नाही, आणि तुला पाहुण्यांसमोर संकोच वाटतो. तिच्यामुळे कोण गप्प झालंय? कुणीच नाही. तूच लिहिलंयस की म्हाताऱ्या बायका तिच्याबरोबर टाळ्या धरतात. मग तिला रडू दे. १९०५ साली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली मोठमोठ्यानं रडत होत्या, एकाच वेळी सगळ्या प्रार्थना करत होत्या. बघणारे बिचकले, रमाबाईंनी मुलींना दडपलं नाही. आणि ना. वा. टिळक? १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पुढे १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. किती जणांना ते वेड वाटलं असेल! त्यांची भजनं आपण अजून म्हणतो. तुझ्या संकोचासाठी मंडळीतला एकही वेगळा माणूस मी बाहेर घालवू देणार नाही. हे तुला कडक वाटेल, वाटू दे.

रविवारऐवजी शनिवार देवाचा दिवस म्हणून पाळणाऱ्या त्या काकांचं थोडक्यात. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय दिवस आणि खाणं यांवरच आहे. एक जण एक दिवस मोठा मानतो, दुसरा सगळे सारखे मानतो, ज्यानं त्यानं आपल्या मनाची खात्री करावी आणि दुसऱ्याला तुच्छ लेखू नये. त्यांना शनिवार पाळू दे. पण प्रत्येक मीटिंगमध्ये तोच विषय काढून नवीन आलेल्या पोरांना ते घाबरवत असतील तर त्यांना बाजूला घे. अपुल्लोस नावाचा उपदेशक सभास्थानात जोरात बोलत होता, पण त्याला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या बाप्तिस्म्यापुढचं ठाऊक नव्हतं. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला आपल्याकडे नेलं आणि नीट समजावलं. चारचौघांत खोडून काढलं नाही. काकांना जेवायला बोलाव. बहुतेक वेळा अशा माणसाचं घरी कुणी ऐकत नसतं, ते पोटभर ऐकून घेतलं की मीटिंगमधला जोर कमी होतो.

आणि ब्रदर. तू लिहितोस, "त्यांना थांबवलं तर पवित्र आत्म्याला विझवल्यासारखं होईल." ज्या ठिकाणी आत्म्याला विझवू नका असं लिहिलंय, तिथंच पुढं सर्व गोष्टींची पारख करा असंही लिहिलंय. थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, पाचवा अध्याय. तुला ते अर्धंच कुणी शिकवलं? करिंथकरांस पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात तर नियमच दिलाय: दोघातिघांनी बोलावं, बाकीच्यांनी निर्णय करावा, आणि बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झालं तर पहिल्यानं गप्प राहावं. पुढं हेही आहे की संदेष्ट्यांचे आत्मे संदेष्ट्यांच्या स्वाधीन असतात. म्हणजे "मी नाही बोलत, आत्मा बोलवतोय, मला थांबता येत नाही" हे कारण ही पत्रं लिहिणाऱ्या पौलानं आधीच काढून घेतलंय. ज्याला थांबता येत नाही त्याला थांबवायचं. त्यात त्याचा अपमान नाही.

औषध, लग्न आणि पैसा या तीन गोष्टींवर तुमच्या घरात कुणाचंही 'वचन', म्हणजे देवाच्या नावानं दिलेला हुकूम, चालणार नाही, हे आईनं तिच्या तोंडानं सांगावं. औषधाचं मी वर सांगितलंच. विडीच्या घरांमधून टीबीचे पेशंट मी पाहिलेत. निदान सहा महिन्यांचा कोर्स असतो, दोन महिन्यांत खोकला थांबला की "बरे झालो, साक्ष देतो" म्हणून गोळ्या सोडतात, आणि मग तोच टीबी त्या गोळ्यांना दाद देत नाही. बरं करणारा प्रभू आहे यावर माझा विश्वास तुझ्या ब्रदरपेक्षा कमी नाही. पैशाचं म्हणशील तर भिंतीवर लावलेला तो क्यूआर कोड आजच काढ. तो त्याच्या स्वतःच्या खात्याचा आहे हे तू किती सहज लिहून गेलास! अर्पण दोघांनी मोजायचं, वहीत लिहायचं, वही कुणालाही बघता यावी.

एक मात्र नीट बघ. तो कित्येक रात्री झोपला नसेल, उसने पैसे काढून वाटत असेल, एका विषयावरून दुसऱ्यावर सुसाट जात असेल, आवाज ऐकू येतात आणि ते हुकूम देतात असं म्हणत असेल, तर हा अध्यात्माचा प्रश्न नसून आजार असू शकतो. मग त्याच्या बायकोशी बोल. सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे. बायकोशी बोलच. चार पानांत तीही कुठं नाही.

तू ऐकलं असशीलच की आमच्या घरची मंडळी माझ्यामुळे फुटली. लोक तसंच सांगतात. आता माझ्याकडून ऐक. एक माणूस आमच्याकडे यायचा, प्रार्थनेत ताकद होती, आजारी माणसाजवळ रात्र रात्र बसायचा. एका संध्याकाळी भूत काढतो म्हणून त्यानं एका मुलीला थोबाडीत मारली. ती मिरगीची पेशंट होती. पुन्हा हात उचलला तेव्हा मी मध्ये उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, मीटिंग संपली. तुला मी काकांना बाजूला घ्यायला सांगितलं आणि मी स्वतः चारचौघांत बोलले, असं तू म्हणशील. म्हण. मार पडत असताना बाजूला कुणाला घ्यायचं? कितीतरी जण त्याच्याबरोबर गेले. ज्यांच्या बाळंतपणात मी उभी होते तेही गेले. सात रस्ता चौकात समोर आले तर आजही रस्ता बदलतात, आणि ते मला लागतं, अजून लागतं. पण मी उठले ते बरोबर केलं. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण केली तर महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. तेव्हा तो कायदा नव्हता. मला कायद्याची गरज वाटली नाही. ती मुलगी तिच्या आईच्या पदराआड गेली होती आणि तिचा आवाज फुटत नव्हता, एवढं मला पुरलं.

म्हणून सांगते, बाळा, ब्रदरचा स्वभाव तपासत बसू नकोस, गप्प कोण झालंय ते बघ. ज्याच्यामुळे कुणी गप्प होत नाही तो कितीही वेडावाकडा असो, त्याला जागा दे. ज्याच्यामुळे दुबळं माणूस गप्प होतं त्याला थांबव, मग तो कितीही अभिषिक्त असो.

सोडून मोठ्या चर्चला जाऊ का म्हणतोस. जा, पण आक्का आणि त्या विडीवाल्या बायका तुझ्या मागे येणार आहेत का ते आधी बघ. त्यांना चालत येण्यासारखं तुमचंच घर आहे. आणि ब्रदरचं रेकॉर्डिंग करून ग्रुपवर टाकायचं म्हणतोस ते अजिबात नको. मत्तय अठरा तुला पाठ आहे: आधी एकट्यानं, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीला. व्हॉट्सॲपचा ग्रुप म्हणजे मंडळी नव्हे. शेजारी कान लावून असतात, आणि आपल्या माणसांच्या घरातल्या प्रार्थनेवर आज कसं बोट ठेवलं जातं ते तुला माहीत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी त्याच्याकडे जा. आक्कांच्या तब्येतीचं सांग, कोड काढलाय ते सांग, आणि रविवारी तो दहा मिनिटं बोलेल आणि मग आई गाणं सांगेल, हेही सांग. आवाज चढवू नकोस. तो ओरडला तर ओरडू दे, तू तेच तीन वाक्यांत पुन्हा सांग. ऐकलं नाही तर पुढच्या वेळी तुझ्या मामांना घेऊन जा. एकदोनदा सांगूनही तट पाडणाऱ्यापासून दूर राहा असं तीताच्या पत्रात आहे, पण एकदोनदा सांगायचं आधी, ते तू अजून एकदाही केलेलं नाहीस.

तो रागावून निघून गेला तर त्याला जाऊ दे. त्याच्या बायकोला मात्र तुझ्या आईनं दर आठवड्याला फोन करावा. आणि आक्कांना डॉक्टर काय म्हणाले ते मला आज रात्री कळव, कितीही उशीर झाला तरी. मी जागी आहे.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी