सुम्मा उघडायच्या आधी आणि उघडल्यावर: वाचकांचे प्रश्न

मध्ययुगीन कॅथलिक विचार वाचायचाय, थेट थॉमस अक्वायनसच्या सुम्मापासून (‘सुम्मा थिओलॉजिए’, त्याचा धर्मशास्त्रावरचा मोठा ग्रंथ) सुरू करू का?

नको. प्रस्तावनेत तो म्हणतो खरं की हे नवशिक्यांसाठी आहे, पण ते नवशिके १३व्या शतकातले, ॲरिस्टॉटलचं लॉजिक शिकून आलेले. तुम्ही आधी ऑगस्टिन या ख्रिस्ती बिशपचं कन्फेशन्स, म्हणजे त्याचं आत्मकथन, घ्या. ते इ.स. ४०० च्या आसपासचं, म्हणजे मध्ययुगाच्या आधीचंच, पण पुढचे सगळे त्याचाच आधार घेतात. दुसऱ्या भागात पोरांनी रात्री नासपती चोरल्याची हकीकत आहे, भूक नव्हती, बरीचशी तर डुकरांपुढे टाकली, आणि मग तो स्वतःला विचारतच राहतो की हे मी केलं तरी कशासाठी. हे वाचलं की पाप हा विषय एकदम जवळचा होतो. मग ॲन्सेल्मचं प्रोस्लोगियन, देव आहे हे तर्काने दाखवू पाहणारं, अगदी छोटं आहे, त्यासोबत गाउनिलो नावाच्या मठवासी साधूने त्यावर घेतलेला आक्षेपही वाचाच, तो आपल्या पुस्तकासोबतच ठेवावा असं ॲन्सेल्मलाच वाटत होतं.

सुम्मा उघडलं तर अक्वायनस आधी देव नाही असंच सांगतोय! मी चुकीचं वाचतोय का?

तो पूर्वपक्ष आहे हो. आपल्याकडे शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडून मग सिद्धान्त सांगतात ना, तसंच. पहिल्या भागातला प्रश्न २, कलम ३ काढा. पहिला आक्षेप: देव म्हणजे अमर्याद चांगुलपणा, तो असता तर वाईट उरलंच नसतं, पण जगात वाईट आहे, म्हणजे देव नाही. दुसरा: निसर्ग आणि माणसाची इच्छा यांनी सगळ्याचा उलगडा होतो, मग देव हवाच कशाला? आजही कुणी याहून धारदार विचारत नाही. मग उलट बाजूचं एक वचन येतं, मग ‘मी उत्तर देतो’ म्हणून त्याचं स्वतःचं म्हणणं, आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. माझा आग्रह एवढाच, की आक्षेप वाचून थांबा, तुम्ही काय उत्तर दिलं असतं ते वहीत लिहा, मगच पुढे जा. आक्षेप गाळून नुसतं उत्तर वाचलं तर हाती फक्त निष्कर्ष लागतो, विचार कसा झाला ते कळतच नाही.

त्याच कलमातले पाच मार्ग, म्हणजे देव आहे हे दाखवणारे पाच युक्तिवाद, पटले नाहीत. पहिलं कारण असलंच पाहिजे असं का? जग कायमच असेल तर?

हा गैरसमज फार जणांचा होतो. जगाला सुरुवात होती हे तर्काने सिद्ध करता येत नाही, ते श्रद्धेनेच मानायचं, असं खुद्द अक्वायनसच म्हणतो (प्रश्न ४६, कलम २). म्हणजे पहिलं कारण शोधताना तो काळात मागे मागे जात नाहीये. त्याचं उदाहरण बघा: काठी हलते कारण हात ती हलवतोय, आत्ता, या क्षणी. हात थांबला की काठी थांबली. पटो न पटो, आधी एवढं लक्षात घेऊन परत वाचा.

लॅटिन येत नाही, आणि मी ख्रिश्चन पण नाही. चालेल?

चालेल की! सुम्माचा जुना इंग्रजी अनुवाद ऑनलाइन फुकट मिळतो. आणि अक्वायनस स्वतः ॲरिस्टॉटलकडून शिकला, जो ख्रिस्ताच्या आधीचा, इब्न सीना आणि इब्न रश्द या मुसलमानांकडून, मायमोनिडीस या ज्यूकडून. त्यांचं नाव घेऊन वाद घालतो, पटलं ते घेतो.