डॉलरचा भाव बांधून का ठेवत नाहीत?

प्रश्न : रिझर्व्ह बँक रेपो दर ठरवते, तसा डॉलरचा भावही एकदाचा ठरवून का टाकत नाही? मुलीची परदेशातली फी भरताना दर सहामाहीला आकडा बदलतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुमची ओढाताण कळते. बँकेच्या परकीय चलन विभागात असताना फीचे अर्ज घेऊन आलेले पालक मी रोज पाहत असे. पण भाव ठरवणं सोपं, टिकवणं महाकठीण. थायलंडचंच बघा. तिथे डॉलर कित्येक वर्षं 25 बाथच्या आसपास बांधलेला होता. तो हलणारच नाही या भरवशावर कंपन्यांनी कमी व्याजाची डॉलर-कर्जं उचलली, बँकॉकमध्ये इमारतींवर इमारती उठल्या. पैसा बाहेर पडू लागला तेव्हा मध्यवर्ती बँकेने बाथ सावरायला डॉलर ओतले, गंगाजळी आटली. 2 जुलै 1997 ला बाथ मोकळा सोडावा लागला, आणि जानेवारी 1998 मध्ये डॉलर 50 बाथच्या वर गेला. कर्ज डॉलरमध्ये, कमाई बाथमध्ये! किती जणांच्या नोकऱ्या गेल्या, आजही वाईट वाटतं.

स्थिर भाव, भांडवलाची मोकळी ये-जा आणि स्वतःच्या हातातले व्याजदर, ही तिन्ही एकत्र मिळत नाहीत. आपण 1993 पासून भाव बाजारावर सोडला. रिझर्व्ह बँक मोठे हेलकावे तेवढे आवरते. फीचं म्हणाल, तर पुढच्या हप्त्याचा हिशेब आजच्या भावाने न करता थोडा चढा धरून करा.