बॉस्टनजवळ जुनं घर भाड्याने घेताय? आधी खिडक्या बघा

दीड वर्षाच्या मुलीला घेऊन बॉस्टनजवळच्या समरव्हिलला येताय, जुनं लाकडी तीनमजली घर आवडलंय, पण रंगात शिसं असेल का, असं तुम्ही विचारलंय. असणार असं धरूनच चाला. अमेरिकेत घरांच्या शिसेयुक्त रंगावर १९७८ मध्ये बंदी आली, आणि तिथली अशी बहुतेक घरं त्याच्या कितीतरी आधीची आहेत.

भिंतींपेक्षा खिडक्या नीट बघा. वर-खाली सरकणारी तावदानं दर वेळी चौकटीला घासतात, रंगाची पूड खालच्या खाचेत साठते आणि मुलांच्या हातांवरून तोंडात जाते. पोपडे दिसले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नका.

समरव्हिल मॅसॅच्युसेट्स राज्यात आहे, आणि तिथला कायदा तुमच्या बाजूचा आहे. १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहणार असेल, तर शिशाचा धोका दूर करणं मालकाचं काम. मूल आहे म्हणून घर नाकारणंही बेकायदा. करारावर सही करण्याआधी 'लेटर ऑफ कम्प्लायन्स' (घर शिशाच्या नियमांत बसतं असं प्रमाणपत्र) मागा, राज्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून तपासणीच्या नोंदीही पाहा. पत्र असलं तरी सगळा रंग खरवडलेला नसतो. शाबूत रंग काही ठिकाणी तसाच ठेवतात. तो सुटू लागला की मालकाला लेखी कळवा. स्वतः पॉलिशपेपर मारू नका, कोरडा झाडूही नको. खाचा ओल्या पेपर टॉवेलने पुसा आणि तो फेकून द्या.

शिसं पाण्यातूनही येऊ शकतं. स्वयंपाकाला गरम पाण्याचा नळ वापरू नका, त्यात शिसं जास्त उतरतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. शिसं काढण्यासाठी 'एनएसएफ ५३' या मानकाने प्रमाणित फिल्टर घ्या, त्याचं कार्ट्रिज वेळेवर बदला.

भारतातून आणायच्या सामानाकडेही लक्ष द्या, हे फार जण विसरतात. सुटी हळद, शेंदूर, काजळ, रसौषधी (धातूंची भस्मं घातलेली आयुर्वेदिक औषधं), कल्हईची पितळी भांडी, भंगारातून ओतलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कढया: या सगळ्यांत शिसं सापडलेलं आहे. मुलीसाठी यातलं काहीच आणू नका. नाचणी मात्र जरूर आणा. पोट भरलेलं असलं आणि कॅल्शियम, लोह पुरेसं मिळालं, तर शिसं कमी शोषलं जातं.

पोचल्यावर लगेच बालरोगतज्ज्ञांकडून तिच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या, म्हणजे नव्या घरामुळे पातळी वाढली का हे पुढे कळेल. डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त आलं, तर लक्ष द्यावंच लागतं. बोटाला सुई टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरची धूळ मिसळू शकते, म्हणून आकडा जास्त आला तर शिरेतल्या रक्ताची चाचणी मागा. राज्याच्या नियमाप्रमाणे मूल दोन आणि तीन वर्षांचं झाल्यावरही ही चाचणी होते. ती चुकवू नका.